खानेसुमारी आणि समाजशास्त्राची साक्ष



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते आयुष्यभर शिक्षक होते, आणि शिक्षकाच्या स्मृतीस स्तुतिसुमनांपेक्षा एखादा अडचणीचा प्रश्न वाहणे अधिक शोभते, अशी माझी समजूत असल्यामुळे चालकांनी ‘सार्वजनिक वादात समाजशास्त्राचे स्थान’ हा विषय सुचविताच मी तो आनंदाने पत्करला. मात्र पत्करताना त्याला एक मर्यादा घालून घेतली. शास्त्राच्या स्थानाविषयी सर्वसामान्य विधाने करीत राहिल्यास तासभर बोलूनही काही न सांगितल्यासारखे होते. यास्तव आपल्या देशात गेली सव्वाशे वर्षे ज्या एका वादात समाजशास्त्राला वारंवार पाचारण झाले, तो जातींच्या मोजणीचा वाद मी उदाहरणादाखल घेणार आहे. १ मार्च २०२७ या संदर्भतारखेच्या जनगणनेत सर्व जातींची नोंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केलेला असल्याने हा विषय केवळ इतिहासाच्या दफ्तरातला राहिलेला नाही.

माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. सार्वजनिक वाद पेटला की समाजशास्त्रज्ञाला कोणी न्यायाधीशाचे आसन देऊ करतो, कोणी वकीलपत्र पुढे करतो. दोन्ही मानाची आणि बरीचशी किफायतशीरही असतात. तिसरी जागा पिंजऱ्यातली, साक्षीदाराची. ती फारशी कोणी मागत नाही, कारण तेथे जबानी देऊन घरी जाता येत नाही, उलटतपासणीला उभे राहावे लागते. शास्त्राची खरी जागा तीच होय, असे माझे मत आहे. आणि ज्यांच्याविषयी साक्ष दिली त्यांनाच उलटतपासणीचा पहिला अधिकार असला पाहिजे, ही त्या मताची दुसरी बाजू आहे.

महाराष्ट्रात अशा साक्षीची परंपरा विद्यापीठातील समाजशास्त्र-विभागाहून जुनी आहे. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुले यांनी निवेदन सादर केले, त्यात सरकारी महसूल रयतेच्या कष्टातून उभा राहतो आणि शिक्षणावरील खर्च मात्र वरिष्ठ वर्गाच्या पदरी पडतो, हे त्यांनी दाखवून दिले. आजच्या परिभाषेत त्याला सार्वजनिक खर्चाच्या वर्गीय वाटपाचे विश्लेषण म्हणतील. पुढे १९१९ च्या जानेवारीत मताधिकाराचा विचार करण्यासाठी नेमलेल्या साउथबरो समितीपुढे मुंबईत विठ्ठल रामजी शिंदे आणि भीमराव आंबेडकर या दोघांनीही साक्ष दिली. दोघांचे उपाय एक नव्हते, आणि ते नसणे हेही त्या साक्षींचे मोल वाढविणारेच आहे. आंबेडकर तेव्हा सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते, वयाची अठ्ठावीस वर्षेही पूर्ण व्हावयाची होती. तीन वर्षांपूर्वी, ९ मे १९१६ रोजी, कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात त्यांनी जातिसंस्थेचे मर्म सजातीय विवाहाच्या बंधनात आहे असे प्रतिपादन केले होते. समितीपुढे त्यांनी तोच धागा राज्यकारभाराच्या प्रश्नापर्यंत ओढला. ज्या समाजात गटागटांमधले व्यवहार बंद दारांआड चालतात तेथे निव्वळ प्रादेशिक मतदारसंघांतून मतांचे प्रतिनिधित्व कदाचित होईल, परंतु माणसांचे प्रतिनिधित्व होईलच असे नाही, आणि लोकांच्या राज्याला दोहोंची गरज असते, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. एका चर्चासत्रातला सिद्धान्त तीन वर्षांत मताधिकाराच्या मसुद्यापाशी येऊन उभा राहिला. समाजशास्त्राने सार्वजनिक वादात काय करावे याचे याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही. आणि हे करणारा मनुष्य स्वतःला समाजशास्त्रज्ञ म्हणवीत नव्हता, याची आम्हां व्यावसायिकांनी नोंद घ्यावी.

योगायोग असा की त्याच १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग निघाला. नगररचनाकार पॅट्रिक गेडिस त्याचे पहिले प्रमुख; १९२४ पासून मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांनी तो सांभाळला आणि जवळजवळ पस्तीस वर्षे देशाला समाजशास्त्राचे अध्यापक पुरविले. १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या जात आणि वंश या विषयावरील त्यांच्या ग्रंथात सरकारी खानेसुमारीवर जी टीका आहे ती आजही वाचण्यासारखी आहे. १९०१ च्या खानेसुमारीचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी जाती नुसत्या मोजल्या नाहीत, तर स्थानिक लोकमतानुसार त्यांचा सामाजिक श्रेष्ठकनिष्ठतेचा क्रमही लावावयास घेतला. नाकाच्या रुंदीवरून जातीची प्रतिष्ठा सांगता येते असे मानणारे हे गृहस्थ होते, तेव्हा क्रम लावण्याचा त्यांचा उत्साह समजण्यासारखा आहे. परिणाम असा झाला की जातोजातीच्या सभा भरू लागल्या, आम्हांला क्षत्रिय लिहा, आम्हांला ब्राह्मण लिहा, अशा अर्जांचे ढीग सरकारदरबारी पडू लागले, आणि मोजण्याच्या क्रियेनेच मोजावयाच्या वस्तूचे रूप पालटले. आपल्याकडेही एका खानेसुमारीत कुणबी म्हणून नोंदली गेलेली कितीतरी कुटुंबे पुढच्या खानेसुमारीत मराठा म्हणून नोंदली गेली.

घुर्यांचे हे निरीक्षण मला पूर्णतः मान्य आहे. त्यावरून स्वतंत्र भारताने काढलेले अनुमान मान्य नाही. मोजणीमुळे जातिभावना फोफावते, सबब मोजणी थांबवावी, असे ते अनुमान होते. १९३१ ची खानेसुमारी ही सर्व जातींची शेवटची संपूर्ण गणना ठरली. १९४१ साली महायुद्धामुळे जातवार तक्ते निघाले नाहीत, आणि १९५१ पासून अनुसूचित जाती व जमाती एवढ्यांचीच नोंद राहिली. सद्हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु वीस-पंचवीस वर्षांतच असे दिसून आले की जात गेली नाही, फक्त तिच्याविषयीचा पुरावा गेला. आणि पुरावा गेल्याने ज्यांच्या हाती जमीन, शिक्षण आणि नोकऱ्या होत्या त्यांचे काही बिघडले नाही, कारण ज्याच्याजवळ आहे त्याला ते किती आहे हे सिद्ध करावे लागत नाही.

पुरावा नसताना फैसला द्यावयाचा प्रसंग पहिल्यांदा काकासाहेब कालेलकरांवर आला. १९५३ साली नेमलेल्या त्यांच्या आयोगाने दोन वर्षांत २,३९९ जाती मागासलेल्या ठरविल्या, आणि अहवाल राष्ट्रपतींकडे पाठविताना जोडलेल्या पत्रात खुद्द अध्यक्षांनीच जात हा निकष धरण्याविषयी आपली असहमती लिहून ठेवली. आयोगाचा निवाडा आयोगाच्या अध्यक्षालाच पटला नाही, असे हे चमत्कारिक प्रकरण. त्यावर अधिक वेळ घालवीत नाही, कारण खरा बोध मंडल आयोगाच्या कामकाजात आहे.

मंडल आयोग १९७९ च्या आरंभी नेमला गेला आणि १९८० च्या अखेरीस त्याने अहवाल दिला. त्याने जिल्ह्यागणिक दोन खेडी आणि एक शहरी वस्ती निवडून पाहणी केली आणि मागासलेपणाच्या अकरा कसोट्या ठरविल्या. प्रत्येक सामाजिक कसोटीला तीन गुण, प्रत्येक शैक्षणिक कसोटीला दोन आणि प्रत्येक आर्थिक कसोटीला एक, असे मिळून बावीस गुण. अकरा किंवा अधिक गुण मिळाले की ती जात मागास. आता तीन, दोन आणि एक हेच प्रमाण का, दोन खेड्यांवरून जिल्हा कळतो काय, आणि एखाद्या जातीची दहाच घरे पाहणीत सापडली तर तिला गुण कसे द्यावयाचे, हे प्रश्न समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही विचारील. ते विचारले जाणे आयोगाचा अपमान नव्हता. प्रत्येक साक्षीला असे प्रश्न विचारावयाचेच असतात.

परंतु लोकांच्या तोंडी राहिला तो मागासवर्गाच्या लोकसंख्येचा एकच आकडा, बावन्न टक्के. हा आकडा कोणी मोजलेला नाही. तो वजाबाकीने आलेला आहे. एकंदर लोकसंख्येतून अनुसूचित जाती-जमातींचे २२.५६ टक्के, हिंदूंखेरीज इतर धर्मीयांचे १६.१६ टक्के, आणि १९३१ च्या अपुऱ्या तक्त्यांवरून अंदाजलेले पुढारलेल्या हिंदूंचे १७.५८ टक्के वजा केले असता ४३.७० टक्के उरतात. इतर धर्मीयांतही मागासांचे प्रमाण हिंदूंइतकेच असावे असे गृहीत धरून त्यांत ८.४० टक्के मिळविले की बावन्न भरतात. अर्धशतकात कोणत्याही जातीच्या जन्ममृत्यूचे प्रमाण इतरांहून वेगळे नव्हते, फाळणीने काही हलले नाही, असे यात अध्याहृत आहे. आयोगाजवळ याहून चांगले साधन नव्हते आणि त्याने आपली रीत झाकूनही ठेवली नाही, म्हणून मी त्याला दोष देत नाही. दोष आहे तो आम्हां अभ्यासकांचा. ७ ऑगस्ट १९९० रोजी आयोगाच्या आरक्षणाच्या शिफारशीच्या अंमलबजावणीची घोषणा झाली, देशभर रस्त्यांवर रणे माजली, एका बाजूने बावन्न हे वेदवाक्य ठरले आणि दुसऱ्या बाजूने ती लबाडी ठरली. पण ही पाच ओळींची वजाबाकी फळ्यावर मांडून दाखवावयास गावोगाव किती समाजशास्त्रज्ञ गेले?

नंतर राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २००४-०५ च्या फेरीत इतर मागासवर्गाचे प्रमाण सुमारे ४१ टक्के आले, तेव्हा विरोधकांना विजयाचा आनंद झाला. वस्तुतः पाहणीत घरोघरी ‘तुम्ही कोणत्या प्रवर्गातले’ असे विचारले होते, म्हणजे उत्तर देणाऱ्याला आपली जात सरकारी यादीत आहे किंवा नाही हे ठाऊक असणे आणि ते सांगण्याची इच्छा असणे आवश्यक होते. मंडल आयोगाने तसा प्रश्न कोणालाच विचारला नव्हता, यादीत कोणी असावे हे तो स्वतःच ठरवीत होता. बावन्न आणि एक्केचाळीस ही एकाच प्रश्नाची खरीखोटी उत्तरे नव्हेत, ती दोन निराळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. एवढा भेद समजावून देण्याचे काम ज्या शास्त्राचे, त्याचे अनेक धुरीण त्या काळात प्रामुख्याने आरक्षण असावे की नसावे यावर बोलत होते. संस्कृतीकरण आणि प्रबळ जात या संकल्पना देणारे म्है. न. श्रीनिवास मंडलच्या शिफारशींवर कठोर झाले. आंद्रे बेतेय यांनी जातीच्या आधारावरील धोरणांना अखेरपर्यंत विरोध केला. सतीश देशपांडे आणि मेरी जॉन यांनी २०१० साली जात न मोजणे हेही एक राजकारणच असल्याचे मांडले. या सर्वांचा मला आदर आहे आणि शेवटचे म्हणणे मला अधिक पटते. तथापि यांतला बहुतेक वाद इंग्रजीत झाला, आणि ज्यांच्या मुलांच्या नोकऱ्यांविषयी तो होता त्यांच्यापर्यंत पोचला तो वर्तमानपत्रांच्या मथळ्यांतून.

आता अगदी घरचे उदाहरण पाहू. ४ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांमधील इतर मागासवर्गाच्या आरक्षणाविषयी निकाल देताना कसून केलेल्या समकालीन पाहणीची अट घातली. ती पुरी करण्यासाठी जयंत बांठिया यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला आणि २०२२ च्या जुलैत त्याने राज्यातील इतर मागासवर्गाचे प्रमाण ३७ टक्के असल्याचे सांगितले. काम चालू असतानाच बोभाटा झाला तो आडनावांचा: मतदारयाद्यांतील आडनावांवरून जात ठरविली जात असल्याची तक्रार सर्वपक्षीयांनी केली. आपल्यापैकी ज्याने एखाद्या शाळेचे हजेरीपुस्तक चाळले असेल त्याला ठाऊक आहे की पवार, जाधव, मोरे, गायकवाड ही आडनावे एका जातीची मिरास नाहीत. मराठा घरात, माळ्याच्या घरात, पूर्वास्पृश्य म्हणविल्या गेलेल्या घरात तीच आडनावे सापडतात, कारण कुळे, वतने, गावे आणि धंदे या सर्वांतून आडनावे निघाली आणि जातीच्या भिंती त्यांनी जुमानल्या नाहीत. गावचा तलाठी जे सांगू शकला असता ते कळण्यास प्रबंधाची गरज नव्हती. प्रश्न असा आहे की हे ज्ञान पाहणीच्या आराखड्यात आधी का शिरले नाही, आणि शिरावे म्हणून विद्यापीठांतील आमच्या विभागांनी पाहणी सुरू होण्यापूर्वी, वाद पेटल्यानंतर नव्हे, काय लिहिले.

२०११ च्या सामाजिक-आर्थिक जातगणनेची कथा याच जातीची, फक्त विस्ताराने मोठी. १९३१ साली देशात ४,१४७ जाती नोंदल्या गेल्या होत्या. २०११ साली लोकांनी सांगितलेली नावे शेचाळीस लाखांवर गेली. २०२१ साली केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या प्रतिज्ञापत्रानुसार महाराष्ट्रात सरकारी याद्यांत ४९४ जाती असताना गणनेत ४,२८,६७७ नावे निघाली. यावरून ती माहिती निरुपयोगी असल्याचा निष्कर्ष काढून जातवार आकडे प्रसिद्धच केले गेले नाहीत. मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. ‘तुमची जात कोणती’ असे दारात उभ्या असलेल्या परक्या माणसाने विचारल्यावर कोणी जात सांगतो, कोणी पोटजात, कोणी कूळ, कोणी आडनाव, कोणी धंदा. आणि लिहिणारा ते आपापल्या शुद्धलेखनाप्रमाणे लिहितो. ही चार लाख नावे म्हणजे मराठी समाजाने स्वतःविषयी दिलेली सर्वांत मोठी जबानी आहे, आणि ती वाचावयाची कशी हेच समाजशास्त्राला शिकविले गेलेले असते.

इरावती कर्व्यांनी ते सत्तर वर्षांपूर्वी करून दाखविले होते. वि. म. दांडेकरांबरोबर महाराष्ट्रातील निरनिराळ्या समूहांची शरीरमापने त्यांनी १९५१ साली प्रसिद्ध केली, आणि पुढे हिंदू समाजाचा अर्थ लावताना कुंभारांचे उदाहरण घेऊन असे मांडले की ज्यांना आपण एक कुंभार जात म्हणतो ते परस्परांत विवाह न करणारे निरनिराळे समूह आहेत. एक जुनी जात फुटून ते झाले असे मानण्यास आधार नाही, उलट धंद्याच्या समान नावाखाली ते शेजारी येऊन बसलेले दिसतात. बर्लिनमध्ये वंशशास्त्राचे शिक्षण घेऊन, तेथील वंशश्रेष्ठतेच्या सिद्धान्ताला स्वतःच्या मापनांनी छेद देऊन परतलेली ही विदुषी. मोजमापाची मर्यादा तिने मापे घेऊनच दाखविली. आज ‘कुंभार किती’ या प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वी ‘कुंभार म्हणजे कोणकोण’ हे विचारावे लागेल, आणि आकडा मागणारा पुढारी त्यासाठी थांबणार नाही. थांबविणे हे आमचे काम.

असाच प्रश्न सध्या मराठवाड्यातील जुन्या दफ्तरांत दडलेल्या कुणबी नोंदींचा आहे. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने २०२३ पासून महसुलाची, शाळांची, जन्ममृत्यूची मोडीतली पुस्तके धुंडाळली आणि शतकापूर्वी कोण्या कारकुनाने ओढलेली एक ओळ आज कुटुंबाचे भवितव्य ठरवू लागली. अशा नोंदींवरून मराठ्यांना कुणबी दाखले द्यावेत या मागणीच्या न्याय्यतेविषयी मी येथून मत देणार नाही. ते विधिमंडळाचे आणि न्यायालयाचे काम आहे आणि त्यांच्यापुढे जाणाऱ्या नागरिकांचे. मला साक्ष द्यावयाची आहे ती एवढीच की त्या ओळीत कुणबी हा शब्द कधी जात म्हणून आला आहे, कधी शेती करणारा या अर्थाने, आणि त्यांतले कोणते कोठे, हे त्या त्या तालुक्यातील लिखाणाची रीत तपासल्यावाचून कोणीही, मीसुद्धा, सांगू शकत नाही. ही साक्ष दोन्ही पक्षांना गैरसोयीची आहे.

राहिला भाषेचा मुद्दा. त्रिंबक नारायण आत्रे महसूल खात्यात नोकरी करीत असताना गावाचा कारभार, बलुतेदार, वतने आणि फिरस्ते यांचे निरीक्षण करीत राहिले आणि १९१५ साली त्यांनी ‘गावगाडा’ मराठीत लिहिला. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी जातींच्या इतिहासावरचा प्रबंध अमेरिकेत इंग्रजीत लिहिला खरा, परंतु परत येऊन आयुष्य मराठी ज्ञानकोशाला वाहिले. इरावतीबाई दोन्ही भाषांत सारख्याच अधिकाराने लिहीत. आत्र्यांची काही मते आज टिकणार नाहीत, गुन्हेगार म्हणून शिक्का बसलेल्या जमातींविषयी तर मुळीच नाहीत. पण ती खोडून काढता आली, कारण ती मराठीत होती आणि ज्यांच्याविषयी होती त्यांच्या नातवंडांनी ती वाचली. आजचे संशोधन बव्हंशी महागड्या इंग्रजी नियतकालिकांत बंद आहे. तेथे त्याची परीक्षा होते, नाही असे नाही. परंतु ती परीक्षा समव्यावसायिकांची असते, आणि समव्यावसायिक एकमेकांस सांभाळून घेतात.

तेव्हा येथे जमलेल्या प्राध्यापकांना, विशेषतः तालुक्याच्या महाविद्यालयांतून समाजशास्त्र शिकविणाऱ्यांना, माझी विनंती आहे. जनगणनेचे प्रगणक बहुधा प्राथमिक शिक्षकच असतील आणि त्यांना जातीचे नाव कसे विचारावे व लिहावे याचे शिक्षण घाईघाईत मिळेल. त्यापूर्वी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन आपल्या तालुक्यात लोक स्वतःला कोणकोणत्या जातनामांनी सांगतात, त्यांत पोटजात कोणती, कूळ कोणते, एकाच नावाची दोन रूपे कोणती, याची यादी मराठीत तयार करा. ती छापून प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आणि नगरपालिकेच्या वाचनालयात लावा. आणि सरकारी जाहिरातीत असतो तसा खाली मजकूर घाला की महिन्याभरात हरकती व सूचना लेखी अगर तोंडी मागविण्यात येत आहेत. हरकती पुष्कळ येतील, काही उर्मट असतील. त्या सर्व नोंदवून घ्या आणि यादीसोबत छापा.